सातवा काप

लॅबमध्ये त्यांना सगळे बाईच म्हणत. नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. एकोणतीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसत होत्या. ऑपरेशनमध्ये काढलेला शरीराचा तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, मेण थिजून ब्लॉक तयार झाला की यंत्रावर त्याचे केसाहून बारीक काप काढायचे, ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि पॅथॉलॉजीच्या सरांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचे, हे त्यांचं काम. आजार काय आहे ते सर सांगत. पण सरांना दिसायचं ते बाई दाखवतील तेवढंच, आणि ही गोष्ट बाई दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय राहत नसत.

बाईंना गर्व होता, यात शंका नाही. नवीन तंत्रज्ञ आला की पहिल्याच दिवशी त्या त्याला आपल्या हातचे जुने ब्लॉक काढून दाखवत, आणि मग त्याचे. तुलना तो स्वतःच करून घेत असे. एकोणतीस वर्षांत आपला एकही ब्लॉक परत आलेला नाही हे त्या इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं आजची हवा सांगताहेत. लोक मागून नाकं मुरडत, पण अवघड तुकडा आला की तो बाईंच्याच टेबलावर नेऊन ठेवत.

या गर्वात सहा वर्षांपूर्वी मोठी भर पडली. त्यांची मुलगी याच इस्पितळात गळ्याच्या आणि मानेच्या कॅन्सरची सर्जन म्हणून लागली. तिसऱ्या मजल्यावर लेक कापायची, तळमजल्यावर आई. जिन्यात गाठ पडली तर दोघी एकमेकींना मान हलवून पुढे जात. पण मुलगी वळणाआड गेली की बाई दोन पायऱ्या उगाचच थांबत. दम लागलाय असं दाखवत. दम वगैरे काही नसे, ऊर भरून आलेला असे.

तर अशा या लॅबमध्ये लिलाववाल्याची केस आली.

तो भाजीच्या घाऊक बाजारात पहाटे लिलाव पुकारायचा. बावीस वर्षं. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. वॉर्डात त्यानं नर्सकडे पाणी मागितलं की पलीकडच्या खोलीतले पेशंटही आपापले पेले पुढे करत. दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला एक गाठ त्याच्या हाताला लागली होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून दोन महिने त्यानं तिच्याकडे काणाडोळा केला. मग सुई घालून तपासलं, तर कॅन्सर. पण तो कॅन्सर मानेतला नव्हता. तो दुसरीकडे कुठेतरी सुरू होऊन मानेत उतरला होता, आणि ते दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे, ते काही केल्या सापडेना. स्कॅन झाले, दुर्बीण घालून नाकापासून अन्ननळीच्या तोंडापर्यंत पाहून झालं. सगळं स्वच्छ.

मूळ सापडलं नाही तर उपाय एकच होता. नाकाच्या मागपासून घशाच्या तळापर्यंत, दोन्ही बाजूंना, सगळीकडे रेडिएशन द्यायचं. त्यात जीव बहुधा वाचतो. पण लाळ आटते, घास उतरत नाही, आणि आवाज पूर्वीचा राहील याची हमी कुणीच देत नाही. लिलाववाल्यानं डॉक्टरांना एकच विचारलं होतं, मला परत पुकारता येईल का. बाईंच्या मुलीनं त्याला खोटं सांगितलं नाही. येणार नाही, असं गृहीत धरा, म्हणाली.

मग ती आपल्या वरिष्ठांशी भांडली. तिचं म्हणणं असं, की अशी दडलेली मुळं बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या बुडाशी असतात. तिथलं अस्तर घड्याघड्यांचं असतं, आणि एखाद्या घडीच्या तळाशी बसलेला मुगाएवढा कॅन्सर दुर्बिणीला दिसत नाही, स्कॅनलाही नाही. तेव्हा इथून चिमूट, तिथून चिमूट असे तुकडे न घेता दोन्ही टॉन्सिल काढायच्या, डाव्या बाजूचं जिभेच्या बुडाचं अस्तर तोंडातूनच अख्खं सोलून काढायचं, आणि ते सगळं, एक कणही न टाकता, तपासायचं. वरिष्ठ म्हणाले, ही आंधळी कोशिंबीर आहे. ती म्हणाली, आंधळी कोशिंबीर आपण आत्तापर्यंत खेळत होतो, मी डोळ्यावरची पट्टी सोडा म्हणतेय. हे वाक्य तासाभरात तळमजल्यापर्यंत पोचलं आणि बाईंनी ते तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांकडून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.

शेवटी वरिष्ठांनी होकार दिला, पण अट घातली. काही सापडलं नाही, तर पुढच्या गुरुवारच्या बैठकीत रेडिएशन ठरवायचं आणि वाद बंद करायचा.

ऑपरेशन सोमवारी झालं. सोललेलं अस्तर मुलीनं स्वतः खाली आणून दिलं. कॉर्कच्या तुकड्यावर टाचण्यांनी ताणून बसवलेलं, पुढच्या टोकाला लांब धागा, आतल्या कडेला आखूड, म्हणजे कुठली बाजू जिभेच्या कुठल्या दिशेची हे आंधळ्यालाही कळावं. फॉर्मालिनमध्ये एक दिवस मुरल्यावर सरांनी त्याचे पुढून मागे तीन-तीन मिलिमीटरचे अकरा काप केले. प्रत्येक कापाची पुढची बाजू तपासायची, म्हणून मागच्या बाजूला निळ्या शाईचा ठिपका लावला. बाईंचं काम सरळ होतं. मेणात ठेवताना ठिपका वर, पुढची बाजू खाली. मेण थिजलं की जी बाजू खाली असते तीच यंत्राच्या पात्यासमोर येते.

या अकरा कापांना बाईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या एकेक काप चिमट्यानं उचलून साच्यात ठेवत होत्या, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर कसल्याशा कागदावर सही घ्यायला आली. सही झाल्यावरही ती रेंगाळली. बाई, सोमवारी तुम्ही बघायला हवं होतं, म्हणाली. तुमच्या मुलीचा हात म्हणजे काय सांगू. एवढंसं तोंड, आत हात घालायला जागा नाही, आणि हिनं जिभेच्या बुडाचं अस्तर सोललं ते संत्र्याच्या फोडीवरची साल काढावी तसं. वरिष्ठ बघतच राहिले. बाई मान वळवून ऐकत होत्या. हात चालूच होते.

पुढच्या सोमवारी रिपोर्ट गेला. टॉन्सिलमध्ये काही नाही. जिभेच्या बुडाच्या अकराही कापांत काही नाही.

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली ती बूटही न काढता खुर्चीवर बसली. लिलाववाल्याला सांगून आले, म्हणाली. तो काय म्हणाला, असं बाईंनी विचारलं. ठीक आहे म्हणाला, आणि तेही इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं. मग तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. वरिष्ठांचंच बरोबर असेल कदाचित, म्हणाली. मी उगाच त्या माणसाचा घसा सोलला. बाईंनी तिच्यासमोर ताट ठेवलं. आपल्या लेकीला असं खाली मान घालून जेवताना त्यांनी शाळेतसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तिचा नाही, त्या वरिष्ठांचा राग आला, आणि त्यांचा यात काहीच दोष नाही हे कळल्यावर जास्तच आला.

बुधवारी दुपारी त्या केसच्या काचपट्ट्या कपाटात लावायच्या होत्या. तपासून झालेल्या काचपट्ट्या लावणं हे खरं तर कुणीही करावं असं काम, पण बाईंनी ते स्वतःकडे घेतलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अकरा काचपट्ट्या त्यांनी ओळीनं ट्रेमध्ये मांडल्या आणि ट्रे खिडकीच्या उजेडात धरला. गुलाबी-जांभळे अकरा ठसे. एकापुढे एक पाहत गेलं की अस्तराची पट्टी हळूहळू आकार बदलत जाते. इथे घडी खोल होते, तिथे उथळ होते, एका ठिकाणी नाहीशी होते. बाईंची नजर पहिल्यापासून सरकत सहापर्यंत आली आणि सातावर अडखळली. सहा आणि सातमध्ये मोठी उडी होती. सात आणि आठमध्ये उलट काहीच फरक नव्हता. नुसता फरक नव्हता असं नाही, सात आणि आठ म्हणजे चपलांचा जोड होता, डावी आणि उजवी. तीच घडी, तोच फुगवटा, फक्त तोंडं एकमेकांकडे.

बाईंनी सात आणि आठ या काचपट्ट्या ट्रेमधून काढून शेजारी शेजारी धरल्या.

तुकडा कापला की सुरीच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र उमटतं, एकमेकांचं प्रतिबिंब. सातव्याची मागची बाजू आणि आठव्याची पुढची बाजू यांच्यामधून एकच सुरी गेली होती. म्हणजे सातव्याची मागची बाजू तपासली गेली होती. ठिपक्याची. सातवा काप मेणात उलटा बसला होता, आणि सहाव्याच्या पुढच्या बाजूपासून सातव्याच्या मागच्या बाजूपर्यंत सहा मिलिमीटरचा पट्टा कुणी पाहिलेलाच नव्हता. मुगाचे दोन दाणे त्यात शेजारी शेजारी मावले असते.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. सिस्टर दारात उभी होती. संत्र्याची साल म्हणाली तेव्हा चिमट्यात सातवा होता.

आता बाईंपुढे दोन वाटा होत्या, आणि त्यांना दोन्ही स्पष्ट दिसत होत्या. अजून थोडं खोल कापून पाहते, एवढंच सरांना म्हटलं असतं तर सरांनी मान डोलावली असती. असं नेहमीच होतं. उलटा ब्लॉक गुपचूप सुलटा झाला असता आणि एकोणतीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. बाईंनी ट्रे उचलला, सरांच्या खोलीत गेल्या आणि सांगितलं. "सर, या केसचा सातवा ब्लॉक मी उलटा लावलाय."

सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. दोन काचपट्ट्या शेजारी धरून ते हं म्हणाले. लावा सुलटा, म्हणाले, मी बसतो इथेच.

बाईंनी मेण वितळवलं. कापाच्या मागच्या बाजूला शाईचा ठिपका असायला हवा होता तिथे तो यंत्रानं खरवडून नेला होता. त्यांनी काप फिरवला, चार वेळा खात्री केली, मेण ओतलं, थंड होऊ दिलं. यंत्राचं चाक फिरवताना एरवी त्या गाणं गुणगुणत. आज शेजारच्या टेबलावरच्यांनी आपणहून रेडिओ बंद केला. केसाहून बारीक काप पाण्यावर तरंगला, काचेवर आला, रंगला. तासाभरानं ओली काचपट्टी घेऊन त्या सरांपाशी उभ्या राहिल्या.

सरांनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, बसा, तुम्हीच बघा.

एका घडीच्या अगदी तळाशी जांभळ्या पेशींचं ते बेट होतं. अडीच मिलिमीटर. वरचं अस्तर इतकं निर्मळ, की वरून पाहणाऱ्याला जन्मात कळलं नसतं. बाईंनी सवयीनं काचपट्टी सरकवत कडा पाहिल्या. डावीकडे मोकळं. उजवीकडे मोकळं. खाली मोकळं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांना चष्मा काढावा लागला.

तो कॅन्सर लिलाववाल्याच्या घशात नव्हताच. ऑपरेशनच्या दिवशीच तो निघाला होता, अख्खा, चारी बाजूंनी निरोगी मांस ठेवून. जे कुणालाच दिसत नव्हतं, स्कॅनलाही नाही, ते त्यांच्या लेकीनं न बघता, नुसत्या अक्कलहुशारीनं आणि हाताच्या भरवशावर काढून आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. आणि त्यांनी ते मेणात पालथं घालून ठेवलं होतं. लाज आणि अभिमान एकाच वेळी एवढा येऊ शकतो हे बाईंना तोवर माहीत नव्हतं. तरी खरं सांगायचं तर अभिमान जास्त होता.

सर भला माणूस. रिपोर्टमध्ये अधिक काप घेतल्यावर आढळलं एवढंच लिहितो, म्हणाले. ब्लॉकचं लिहायची गरज नाही. इतक्या वर्षांत एकदा, कुणाचं काय बिघडतंय.

"माझ्या मुलीचं बिघडेल," बाई म्हणाल्या. "सोमवारी काही नाही म्हणून रिपोर्ट गेलाय. उद्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तो बदलतोय, आणि लॅबमध्ये तिची आई बसलीय. लोक काय म्हणतील? आईनं लेकीसाठी कॅन्सर शोधून दिला. मी काय चुकले ते लिहा सर. सगळं लिहा."

गुरुवारच्या बैठकीला तंत्रज्ञ कधी जात नसत. बाई गेल्या. चांगली साडी नेसून, काचपट्ट्यांचा डबा छातीशी धरून, सरांच्या मागून आत शिरल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या. मुलीला आदल्या संध्याकाळी सरांनी फोनवर फक्त निकाल कळवला होता. चूक कुणाची ते सांगितलं नव्हतं, आणि घरी बाईंनी तोंड उघडलं नव्हतं. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर एकदाच, असं त्यांनी ठरवलं होतं.

पडद्यावर सात आणि आठ शेजारी शेजारी आल्या तेव्हा वरिष्ठांनी विचारलं, ब्लॉक कुणी लावला होता.

"मी," बाई म्हणाल्या, आणि पुढे येऊन त्यांनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं. ही घडी बघा, ही इकडे तोंड करून आहे, तीच इथे तिकडे. अशी जोडी दिसली की समजायचं, एक ब्लॉक पालथा आहे. त्यांचा आवाज जराही कापला नाही. उलट शेवटी शेवटी त्यात नवीन तंत्रज्ञाला शिकवतानाचा तो जुना ताठा आला, आणि दोन डॉक्टर चक्क लिहून घेऊ लागले. मग सुलट्या ब्लॉकची काचपट्टी पडद्यावर आली. वरिष्ठ उठून पडद्याजवळ गेले. कडांवरून त्यांनी बोट फिरवलं. घशाला रेडिएशन नको, म्हणाले. मानेतल्या गाठी काढा, त्या तपासून पुढचं ठरवू. घसा वाचला. मग बाईंच्या मुलीकडे वळून ते म्हणाले, पुढची अशी केस आली की मला आत उभं राहून बघायचंय.

बाहेर आल्यावर मुलगी कॉरिडॉरच्या खिडकीपाशी थांबली. तिचे डोळे लाल होते. रागानं की कशानं, ते बाईंना कळेना. त्यांनी मनात माफीची जुळवाजुळव केली होती, ती त्या सुरू करणार एवढ्यात मुलगीच म्हणाली,

"आई, कडा खरंच चारी बाजूंनी सुटल्यात? सगळ्यात कमी किती?"

"तीन मिलिमीटर," बाई म्हणाल्या. "मी दोनदा मोजलं. बेटा, असा तुकडा माझ्या टेबलावर आजवर आला नव्हता."

मुलीनं तोंड खिडकीकडे वळवलं. मग हात मागे करून तिनं आईचा हात पकडला आणि दुखेल इतका दाबला. रागही त्यात होताच. तो बाईंनी घेतला.

लिलाववाला शनिवारी लॅबच्या दाराशी आला. मुलीनं त्याला सगळं सांगितलं होतं, पण त्याला ती वस्तू डोळ्यांनी बघायची होती. बाईंनी त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. तो एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला. एवढंच, म्हणाला. याची तर मी बोलीसुद्धा लावली नसती.

बाई हसल्या नाहीत. "सोमवारी तुम्हाला जे सांगितलं ते माझ्यामुळे सांगावं लागलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी ते केव्हाच काढलं होतं. मी ब्लॉक उलटा लावला. ते तीन दिवस मी वाया घालवले तुमचे."

त्यानं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. त्याला हे माहीत होतं, पण असं समोर उभं राहून कुणी सांगेल असं वाटलं नसावं. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले.

"मंगळवारी सकाळी मी बाजारात गेलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा आणि बारीक होता. "माझी पुकारायची जागा पुतण्याला देऊन आलो. सगळ्यांसमोर. त्याच्या खांद्यावर हात ठेवून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ती परत कशी मागू?"

 सातवा काप बाईंनी फिरवून सुलटा केला होता, हे फिरवता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मेणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही त्या बैठकीत उठून सगळ्या डॉक्टरांसमोर सांगितलंत म्हणे. लाज नाही वाटली?"

"वाटली की."

"मग?"

"मग वाटली तशी सांगितली. मरत नाही माणूस."

 मग तो उठला, शर्ट खाली ओढून नीट केला, मान ताठ केली. मानेच्या डाव्या बाजूची गाठ अजून तिथेच होती, ती पुढच्या आठवड्यात निघायची होती.

"मग मीही मागतो," तो म्हणाला, आणि हे त्यानं इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या टेबलावर काचपट्ट्या वाजल्या.

"हळू," बाई म्हणाल्या. "जखम अजून ओली आहे."